कर बियाण्यावर की खळ्यावर? भिलाईच्या पीएफचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तह आणि लढाया आठवतात. आज मी पगाराच्या स्लिपवरच्या एका ओळीचा इतिहास सांगणार आहे. ती ओळ म्हणजे पीएफची कपात. भिलाईत माझ्यासारखी जी मुले प्लांटच्या क्वार्टरमध्ये वाढली, त्यांनी हा शब्द शाळेत जाण्याआधी ऐकलेला असतो. ताईचे लग्न पीएफमधून झाले, रिसालीचे घर पीएफमधून उठले, दादाच्या इंजिनिअरिंगसाठी पीएफमधून उचल घेतली, अशीच बोलणी घराघरांत चालत.

या भागाचे निमित्त एका प्रश्नाचे आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याने विचारले, "इथे माझे पारंपरिक निवृत्ती खाते आहे. ते 'रॉथ' खात्यात बदलायचे तर आजच कर भरावा लागतो. माझ्या वडिलांचे सगळे आयुष्य भिलाईत गेले. त्यांच्यापुढे असा प्रश्न कधी आला होता का?"

माझे उत्तर असे आहे की या नावाने कधीच नाही, पण प्रत्यक्षात आला आणि तोही एकदा नव्हे, तीनदा आला. पहिल्या वेळी त्यांना कुणी विचारले नाही. दुसऱ्या वेळी विचारले, पण वेगळ्याच नावाने. तिसऱ्या वेळी फॉर्म समोर ठेवला आणि मुदत दिली.

आधी अमेरिकेचे नियम थोडक्यात पाहू, म्हणजे तुलना करायला बरे पडेल. तिथे 1974 च्या कायद्याने वैयक्तिक निवृत्ती खाते आले. त्यात पैसे टाकताना करात सूट मिळते आणि म्हातारपणी काढताना कर लागतो. 1997 साली डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचे दुसरे खाते आले. त्यात कर भरून उरलेले पैसे टाकायचे आणि नियम पाळले तर वाढीसकट सगळे करमुक्त काढायचे. पहिल्या खात्यातले पैसे दुसऱ्यात हलवले की सूट घेतलेली ती रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरच्या वर असणाऱ्यांना आधी ही मुभा नव्हती. ती मर्यादा 2010 पासून उठली. 2018 पासून असा बदल मागे फिरवता येत नाही. आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. पारंपरिक खात्यात काही पैसे सूट घेतलेले आणि काही कर भरलेले असतील, तर कर भरलेले तेवढेच उचलून नेता येत नाहीत. दोन्ही त्या-त्या प्रमाणात हलतात.

आता आपल्याकडे येऊ. निवृत्तीच्या पैशाला तीन दारे असतात. पैसे आत जातात ते पहिले, आत वाढतात ते दुसरे आणि बाहेर येतात ते तिसरे. सरकार यांपैकी कोणत्या दारावर उभे राहते, एवढाच या विषयातला मूळ प्रश्न आहे. छत्तीसगढ भाताचा प्रदेश, म्हणून आपल्या भाषेत विचारू या: सरकारने वाटा बियाण्यातून घ्यावा की खळ्यावरून?

गणित पाहा. 1,00,000 रुपये आहेत आणि कराचा दर 20 टक्के आहे. आधी कर भरला तर 80,000 उरतात. ते दुप्पट झाले की 1,60,000 होतात. कर नंतर भरायचे ठरवले तर 1,00,000 चे 2,00,000 होतात, त्यातून 40,000 जातात आणि हातात पुन्हा 1,60,000 च येतात. म्हणजे दर तोच राहिला तर दार कोणतेही असो, फरक पडत नाही. फरक पडतो तो दर बदलला तर. कमाईच्या वर्षांत तुमचा दर जास्त आणि म्हातारपणी कमी असेल, तर तिसऱ्या दारावर कर भरणे फायद्याचे. उलट असेल तर पहिल्या दारावर भरून मोकळे व्हावे. रॉथचा सगळा हिशोब यावरच उभा आहे. आणि एकाही दारावर कर नसेल तर हातात पूर्ण 2,00,000 येतात. आपला पीएफ अनेक दशके असाच होता.

तो तसा कसा झाला? इंग्रजी अमलात 1925 साली भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. 1929 साली खासगी कंपन्यांच्या मान्यताप्राप्त निधींना प्राप्तिकरात सवलत देणारा कायदा आला. पण निधी उघडावा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर होते. सक्ती आली ती स्वातंत्र्यानंतर. 1951 च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघाला आणि 1952 साली कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांची सनदी नोकरी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात झाली होती. कायदा सुरुवातीला सहाच उद्योगांना लागू झाला आणि त्यात लोखंड-पोलाद होते. कपातीचा दर होता सव्वासहा टक्के, म्हणजे जुन्या हिशोबाने रुपयाला एक आणा. तेवढाच एक आणा मालकाचा. हा दर टप्प्याटप्प्याने वाढत 1997 साली 12 टक्के झाला.

भिलाईचा पोलाद कारखाना या कायद्यानंतर आला. सोव्हिएत संघाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. गंमत अशी की त्या दिवशी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचना व्हायला अजून पावणेदोन वर्षे बाकी होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून, मराठवाड्यातून, पुण्या-मुंबईहून मराठी माणसे इथे आली, तशी केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, बिहारमधूनही आली. गावाकडची शेती भावाकडे सोडून आलेल्या या माणसांना म्हातारपणाचा आधार म्हणून फंडच होता. प्लांटने पुढे स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवला. हिशोब गावातच राहिला आणि लोकांचा त्यावर विश्वास बसला.

1961 च्या प्राप्तिकर कायद्याने या निधीची करव्यवस्था चौथ्या अनुसूचीत लिहिली. कामगाराच्या हप्त्यावर सूट, मालकाच्या हप्त्यावर मर्यादेपर्यंत कर नाही, ठरावीक दरापर्यंतच्या व्याजावर कर नाही आणि पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर काढताना कर नाही. पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर मात्र आधी दिलेल्या सवलती परत घेतल्या जातात. आजारपण किंवा कारखाना बंद पडणे अशी कारणे यातून वगळलेली आहेत. भिलाईत जुन्या पिढीला हा पाच वर्षांचा नियम फारसा ठाऊकच नसे, कारण पाच वर्षांत प्लांट सोडणार कोण?

पहिल्या दारावरच्या सवलतीचा इतिहास मात्र रंजक आहे आणि त्यात एक मराठी नाव आहे. मार्च 1990 मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री होते. तोवर बचतीचा ठरावीक भाग उत्पन्नातून वजा होई. म्हणजे सारखीच रक्कम फंडात टाकली तरी बड्या अधिकाऱ्याचे 50 टक्क्यांच्या टप्प्यात जास्त वाचत आणि 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या कामगाराचे कमी. दंडवत्यांच्या अर्थसंकल्पाने ही वजावट काढून कलम 88 आणले. त्यात बचतीच्या 20 टक्के रक्कम थेट करातून कमी होई, कमाई कितीही असो. 10,000 रुपये फंडात टाकले तर साहेबाचेही 2,000 वाचणार आणि रेल मिलमधल्या फिटरचेही 2,000. समाजवादी माणसाने अर्थसंकल्प केला की तो असा दिसतो. हे कलम 2005 पर्यंत टिकले. मग पी. चिदंबरम यांनी पुन्हा वजावट आणली. तेच आपल्या ओळखीचे कलम 80-सी. मर्यादा 1,00,000, पुढे 2014 पासून 1,50,000.

आता भिलाईच्या माणसावर आलेल्या तीन वेळा पाहू.

पहिली वेळ 16 नोव्हेंबर 1995. कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली. 1959 साली बाविसाव्या वर्षी लागलेला कामगार त्याच वर्षी अठ्ठावन्नचा झाला, म्हणजे भिलाईची पहिली पिढी निवृत्त होत असतानाच ही योजना आली. मालकाच्या हप्त्यातले 8.33 टक्के आता पीएफऐवजी पेन्शन निधीत जाऊ लागले, पण वेतनमर्यादेपुरतेच. मर्यादा 5,000 होती तेव्हा महिना 417 रुपये, 2001 मध्ये 6,500 झाली तेव्हा 541, सप्टेंबर 2014 पासून 15,000 झाली तेव्हा 1,250. जुन्या स्लिपा ज्यांनी जपून ठेवल्या आहेत त्यांना हे आकडे तोंडपाठ असतील. आमच्या घरच्या फाइलमध्ये 541 ची ओळ वर्षानुवर्षे तशीच दिसते.

कराच्या भाषेत काय झाले? पीएफचे पैसे तिसऱ्या दारातून करमुक्त बाहेर येतात. पेन्शन मात्र ज्या वर्षी मिळते त्या वर्षी उत्पन्नात धरली जाते. म्हणजे करमुक्त ढिगातला एक वाटा करपात्र प्रवाहात वळवला गेला. रॉथच्या बरोबर उलट दिशा. रक्कम एवढी लहान होती की कुणाच्या लक्षात आले नाही. 1971 च्या कुटुंब पेन्शन योजनेचे सभासद तर आपोआपच नव्या योजनेत गेले.

यानंतरच्या वीस वर्षांत दिल्लीत तिसरे दार बंद करण्याचे बेत चालू होते. 2004 साली विजय केळकर यांच्या कार्यगटाने शिफारस केली की बचत आत जाताना आणि वाढताना सूट द्यावी आणि कर काढताना घ्यावा. त्याच वर्षी 1 जानेवारीपासून केंद्राच्या नव्या नोकरदारांसाठी आलेली राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, याच तत्त्वावर बसवलेली होती. 2009 च्या प्रत्यक्ष कर संहितेच्या मसुद्याने हेच तत्त्व पीएफलाही लावायचे ठरवले. 2010 मध्ये ते मागे घेतले गेले. मग 29 फेब्रुवारी 2016 रोजी अरुण जेटली यांनी प्रस्ताव मांडला: 1 एप्रिल 2016 नंतरच्या हप्त्यांतून साठलेल्या पीएफपैकी 60 टक्के रक्कम वार्षिकीत गुंतवली नाही तर ती करपात्र होईल. देशभर कामगार संघटना उठल्या आणि 8 मार्चला प्रस्ताव परत गेला. आठवडाभरात. प्लांटचे क्वार्टर सोडायची तारीख निवृत्तीबरोबर येते. ज्याला त्या पैशातून डोक्यावर छप्पर घ्यायचे आहे, त्याला वार्षिकी घे म्हणून सांगणे सोपे नसते.

त्याच 2016 च्या अर्थसंकल्पात एक शांत तरतूद झाली, तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. मान्यताप्राप्त पीएफमधले पैसे एनपीएसमध्ये थेट वर्ग केले तर वर्ग करताना कर लागणार नाही. आपल्या न्यू जर्सीच्या मित्राने विचारलेल्या प्रश्नाला अगदी जुळणारी भारतीय तरतूद हीच. अमेरिकेत खाते बदलताना उंबरठ्यावर कर घेतात. इथे उंबरठा मोकळा आहे, पण पलीकडच्या घराचे तिसरे दार वेगळे आहे. एनपीएसमधून निवृत्तीच्या वेळी एकरकमी 60 टक्क्यांपर्यंत करमुक्त मिळतात, मात्र वार्षिकीतून येणारी पेन्शन करपात्र असते. पीएफमध्ये तर सगळीच रक्कम करमुक्त होती. कर न भरता हललो, या आनंदात माणूस हे विसरतो.

दुसरी वेळ 2020 साली आली आणि ती आली नव्या करप्रणालीच्या नावाने. दर कमी, पण 80-सी नाही. 2023-24 पासून हीच प्रणाली मूळ मानली जाते, जुनी हवी असेल तर सांगावे लागते. नीट पाहा, म्हणजे लक्षात येईल. नव्या प्रणालीत कामगाराचा स्वतःचा हप्ता कर लागलेल्या पगारातून जातो, व्याज मर्यादेपर्यंत करमुक्त आणि काढताना कर नाही. हेच तर रॉथ! कुठलेही खाते न बदलता, कुठलाही फॉर्म पीएफ कार्यालयात न देता, फक्त विवरणपत्रातल्या एका निवडीने भिलाईच्या कामगाराचा हप्ता रॉथच्या जातीचा झाला. मालकाच्या हप्त्यावरची सूट मात्र मर्यादेत कायम आहे.

यात तोटा झाला का? 2025-26 पासून नव्या प्रणालीत पगारदाराला 12,75,000 रुपयांपर्यंत कर शून्य आहे. ज्याचा पगार यात बसतो त्याला पहिल्या दारावरही काही द्यावे लागत नाही, तेव्हा 80-सी गेल्याचे दुःख करू नये. ज्याचा पगार याच्या वर आहे आणि घरभाडे, गृहकर्ज, फंड अशा वजावटी मोठ्या आहेत, त्याने दोन्ही प्रणालींचे आकडे शेजारी मांडूनच ठरवावे.

दुसऱ्या दारावरही 1 एप्रिल 2021 पासून पहारा बसला. कर्मचाऱ्याचा स्वतःचा हप्ता वर्षाला 2,50,000 च्या वर गेला तर वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो. त्यासाठी खात्याच्या आत दोन कप्पे करायचा नियम झाला, एक करमुक्त आणि एक करपात्र. अमेरिकेत दोन जातींचे पैसे प्रमाणात मिसळलेले मानतात, आपण ते वेगळे ठेवले. नुसत्या 12 टक्क्यांनी ही मर्यादा ओलांडायला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना सुमारे 1,74,000 हवेत. पण ऐच्छिक निधीत, म्हणजे व्हीपीएफमध्ये, पगाराचा मोठा भाग टाकायची भिलाईची जुनी सवय असल्याने कमी पगाराच्या घरांनाही हा नियम पाहावा लागतो.

तिसरी वेळ सर्वांत अवघड. 4 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन योजनेवर निकाल दिला. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश उदय लळित. 1 सप्टेंबर 2014 रोजी जे नोकरीत होते त्यांना पूर्ण पगारावर पेन्शन घेण्याचा पर्याय देण्यासाठी चार महिने मिळाले. पर्याय न देता त्याआधीच निवृत्त झालेले वगळले गेले. ऑगस्ट 2014 मध्ये निवृत्त झालेला आणि ऑक्टोबरात निवृत्त झालेला, एकाच शिफ्टमधले दोघे, एक बाहेर आणि एक आत. मुदत वाढत वाढत 11 जुलै 2023 पर्यंत गेली.

सौदा असा होता. वर्षानुवर्षे पीएफमध्ये गेलेले मालकाचे जास्तीचे पैसे व्याजासह पेन्शन निधीत परत द्यायचे आणि बदल्यात मोठी पेन्शन घ्यायची. सूत्र सोपे आहे, पेन्शनपात्र पगार गुणिले सेवा भागिले 70. ढोबळ हिशोबात 15,000 पगारावर 28 वर्षांची सेवा असेल तर महिना 6,000. पगार 70,000 धरला तर 28,000. पण परत द्यायची रक्कम लाखांत जाते आणि निवृत्त माणसाने ती घरात घातलेली असते. शिवाय मुद्दल वारसांना मिळत नाही, जोडीदाराला पेन्शनचा अर्धा भाग मिळतो. ज्या आस्थापनांचे स्वतःचे ट्रस्ट आहेत, तिथे ट्रस्टच्या नियमांचा प्रश्न आणखी वेगळा.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त जोडप्याने त्या उन्हाळ्यात आठवडाभर वही घेऊन हिशोब केला. काकांना मोठी पेन्शन हवी होती. काकूंचा प्रश्न एकच होता, "तुमच्यामागे मला किती?" कराचा मुद्दा शेवटी निघाला आणि त्याची भीती सर्वांत जास्त होती. करमुक्त पैसे देऊन करपात्र पेन्शन घ्यायची, हे डोक्यात बसत नव्हते. प्रत्यक्षात वर्षाला 3,36,000 पेन्शन आणि थोडे व्याज एवढ्यावर नव्या प्रणालीत त्यांना काहीच कर बसत नव्हता. खळ्यावर कर असला तरी त्यांच्या खळ्याचा दर शून्य होता. खरा प्रश्न कराचा नव्हताच. दोघांपैकी कोण किती जगेल आणि हातात किती रोकड उरेल, हा होता. शेवटी त्यांनी काकूंचा प्रश्न पुढे ठेवून निर्णय घेतला.

छत्तीसगढ राज्याच्या नोकरीत असलेल्यांपुढे याच काळात वेगळा कागद आला. राज्याने मार्च 2022 मध्ये जुनी पेन्शन पुन्हा आणायची घोषणा केली. नोव्हेंबर 2004 नंतर लागलेल्या शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना एनपीएस की जुनी, हे लिहून द्यायचे होते. जुनी निवडली तर शासनाचा हप्ता आणि त्यावरची वाढ परत करायची. केंद्राकडे साठलेली रक्कम राज्याला द्यायला पेन्शन नियामकाने नकार दिला, त्यामुळे वाद वाढला. सेक्टरमधल्या एकाच इमारतीत नवरा प्लांटचा फॉर्म भरत होता आणि शिक्षिका बायको राज्याचा.

परदेशातून परतणाऱ्यांसाठी एक शब्द. 2021 मध्ये आपल्या कायद्यात कलम 89-ए आले. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांतली वाढ तिथे काढताना करपात्र होते आणि इथे दरवर्षी, ही विसंगती त्याने मिटवली. पर्याय एकदा दिला की पुढेही तोच लागू राहतो. पण रॉथ तिथे करमुक्त आहे म्हणून इथेही असेल, असे गृहीत धरू नका. परतण्याआधी दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्याला विचारा. 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने मी सांगितलेल्या कलमांचे आकडेही नव्या पुस्तकात वेगळे दिसतील.

तर या सत्तर वर्षांच्या इतिहासातून एवढेच घ्यायचे. खाते बदलले म्हणून कर संपत नाही, तो एका दारावरून दुसऱ्या दारावर जातो. अमेरिकेत तो उंबरठ्यावर थांबवून पावती देतात, म्हणून माणूस विचार करतो. आपल्याकडे पावती मिळत नाही, म्हणून विचार आपणच करायला हवा. पुढचा फॉर्म समोर आला की सहीआधी तीन गोष्टी वहीत लिहा: आज माझा कराचा दर किती, निवृत्तीनंतर किती असेल, आणि माझ्यामागे घरच्यांच्या हातात काय राहील. या तीन ओळी भरल्या नसतील तर मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत सही करू नका, आणि त्या ओळी भरताना घरातल्या माणसाला शेजारी बसवा.